मोबाइल ॲपचे ट्रॅफिक प्रॉक्सीतून तपासणे: अँड्रॉइडवरील सुरक्षा चाचणीचा क्रम

मोबाइल ॲपच्या सुरक्षा चाचणीत सर्वांत जास्त हाती लागते ते ॲप आणि सर्व्हर यांच्यातील संभाषण वाचल्यावर. त्यासाठी फोन आणि सर्व्हर यांच्या मध्ये प्रॉक्सी बसवतात. ॲपची प्रत्येक रिक्वेस्ट आधी प्रॉक्सीकडे येते, तिथे ती वाचता, थांबवता किंवा बदलता येते आणि मग पुढे सर्व्हरकडे जाते. संभाषण एचटीटीपीएसवर, म्हणजे एनक्रिप्ट केलेल्या जोडणीवर, असेल, आणि आज ते जवळजवळ नेहमीच असते, तर प्रॉक्सी त्या त्या डोमेनच्या नावाचे सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचे डिजिटल ओळखपत्र, जागच्या जागी तयार करून ॲपपुढे ठेवते. ॲपने ते मान्य केले तरच आतला मजकूर उघड होतो.

बहुतेक ठिकाणी ‘फोनमध्ये प्रॉक्सीचे सर्टिफिकेट टाका’ या सूचनेनेच सुरुवात होते. माझ्या मते इथेच क्रम चुकतो. फोनला प्रॉक्सीवर पूर्ण विश्वास ठेवायला एकदा लावले की ॲप स्वतःहून किती सावध आहे हे कळण्याचा मार्ग बंद होतो, आणि अहवालात ज्याला सर्वांत वरची जागा मिळाली असती असा दोष नकळत झाकला जाऊ शकतो. म्हणून या लेखात विश्वास एकेक पायरीने वाढवला आहे आणि प्रत्येक पायरीवर ॲपने दिलेला नकार हा चाचणीचा निकाल म्हणून नोंदवला आहे.

परवानगी आणि तिची हद्द

स्वतःचे ॲप, सरावासाठी मुद्दाम सदोष बनवलेले ॲप किंवा लेखी परवानगी मिळालेले ॲप एवढ्यांवरच हे काम करावे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये संगणक यंत्रणेच्या मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीशिवाय केलेल्या कृतींची यादी आहे. तीच कृत्ये अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. परवानगीच्या पत्रात ॲपची आवृत्ती, सर्व्हरची डोमेन, चाचणीच्या तारखा आणि वापरायची खाती स्पष्ट लिहून घ्यावीत. एक बाब हमखास निसटते: ॲप ज्या पेमेंट गेटवेला किंवा नकाशा सेवेला जोडलेले असते ती तिसऱ्या कंपनीची मालमत्ता असते आणि ॲपच्या मालकाने दिलेली परवानगी तिला लागू होत नाही. गेटवेची सँडबॉक्स, म्हणजे खरे पैसे न हलवणारी चाचणी व्यवस्था, असेल तर ती वापरावी. नसेल तर ती डोमेन हद्दीबाहेर ठेवावीत.

सरावासाठी अँड्रोगोट हे मुक्त ॲप सोयीचे आहे, कारण त्यात साधे एचटीटीपी, एचटीटीपीएस आणि सर्टिफिकेट पिनिंग (ठरावीक सर्टिफिकेटच मान्य करणे) अशा तिन्ही प्रकारांची वेगवेगळी बटणे दिलेली आहेत.

साधने

प्रॉक्सी म्हणून मी इथे पोर्टस्विगर कंपनीच्या बर्प सूटची मोफत कम्युनिटी आवृत्ती धरली आहे. झॅप आणि मिटमप्रॉक्सी ही दोन्ही मुक्त साधनेही तितकीच चालतात. नुसते ट्रॅफिक पाहायचे असेल आणि टर्मिनलची सवय असेल तर मिटमप्रॉक्सी अधिक हलके पडते. सोबत गूगलचे प्लॅटफॉर्म टूल्स हवेत, कारण त्यातच फोनशी बोलणारे एडीबी येते.

फोन खरा घ्यावा की एम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपवर चालणारा आभासी फोन? शिकताना आणि बहुतेक चाचण्यांसाठी अँड्रॉइड स्टुडिओचा एम्युलेटर पुरतो, मात्र त्याची सिस्टिम इमेज निवडताना ‘गूगल प्ले’ असे लेबल असलेली घेऊ नये. त्या इमेजमध्ये रूट, म्हणजे सिस्टिमच्या फाइली बदलण्याचा पूर्ण अधिकार, मिळत नाही. ‘गूगल एपीआयज’ लेबलच्या इमेजमध्ये मिळतो. शक्य असल्यास अँड्रॉइड १३ किंवा त्याआधीची इमेज घ्यावी. त्याचे कारण सर्टिफिकेटच्या भागात येईल.

जोडणी

फोन आणि लॅपटॉप एकाच वायफायवर घेऊन फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये लॅपटॉपचा आयपी पत्ता आणि पोर्ट ८०८० भरणे ही रूढ पद्धत आहे. तिच्यात बर्पचा लिसनर, म्हणजे येणाऱ्या जोडण्या स्वीकारणारा भाग, सर्व इंटरफेसवर उघडावा लागतो, म्हणजे त्या वायफायवरील कोणालाही तुमची प्रॉक्सी वापरता येते. शिवाय कार्यालयांच्या आणि हॉटेलांच्या वायफायवर एका उपकरणाला दुसऱ्या उपकरणाशी बोलू न देण्याची व्यवस्था अनेकदा असते, त्यामुळे सगळे बरोबर भरूनही काहीच पोहोचत नाही आणि तासभर फायरवॉल तपासण्यात जातो.

मी यूएसबी केबल पसंत करतो. बर्पचा लिसनर १२७.०.०.१ वर, पोर्ट ८०८० वर, मुळात असतो तसाच राहू द्यावा. फोनमध्ये डेव्हलपर ऑप्शन्स उघडून यूएसबी डीबगिंग चालू करावे, केबल लावावी आणि फोनवर येणाऱ्या प्रश्नाला संमती द्यावी. मग लॅपटॉपच्या टर्मिनलमध्ये ‘एडीबी रिव्हर्स टीसीपी:८०८० टीसीपी:८०८०’ ही आज्ञा रोमन लिपीत द्यावी. तिने फोनच्या स्वतःच्या ८०८० पोर्टवर आलेली जोडणी केबलमधून लॅपटॉपच्या ८०८० वर येते. त्यानंतर ‘एडीबी शेल सेटिंग्ज पुट ग्लोबल’ या आज्ञेने ‘एचटीटीपी अंडरस्कोर प्रॉक्सी’ या नावाच्या सेटिंगला ‘लोकलहोस्ट:८०८०’ हे मूल्य द्यावे. वायफायच्या सेटिंगला हात लावावा लागत नाही आणि प्रॉक्सी नेटवर्कवर उघडीही पडत नाही. केबल काढली किंवा फोन पुन्हा सुरू केला की रिव्हर्सची आज्ञा परत द्यावी लागते; प्रॉक्सीचे मूल्य मात्र फोनमध्ये तसेच राहते.

एम्युलेटरवर आणखी एक सोय आहे. त्याच्या आतून १०.०.२.२ हा पत्ता नेहमी यजमान लॅपटॉपचा असतो, त्यामुळे प्रॉक्सीच्या जागी १०.०.२.२ आणि ८०८० भरले तरी काम होते.

आता फोनच्या ब्राउझरमध्ये एखादे साधे एचटीटीपी संकेतस्थळ उघडून बर्पच्या एचटीटीपी हिस्टरीत ओळ उमटते का ते पाहावे. सुरुवातीला इंटरसेप्ट (रिक्वेस्ट थांबवून धरण्याची सोय) बंदच ठेवावे, नाहीतर पार्श्वभूमीवरील प्रत्येक रिक्वेस्ट तुमच्या संमतीची वाट पाहत अडकून राहते आणि ॲप हळू चालते आहे असा गैरसमज होतो.

विश्वास वाढवत नेण्याच्या चार पायऱ्या

पहिली पायरी फोनमध्ये कोणतेही सर्टिफिकेट न टाकता करायची. बर्पमध्ये लिसनरच्या सर्टिफिकेट टॅबवर ‘सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट’ हा पर्याय निवडावा, ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडावे आणि लॉगिनचा प्रयत्न करावा. चांगले ॲप इथे जोडणीच नाकारते; पडद्यावर ‘नेटवर्क एरर’सारखे काहीतरी येते आणि बर्पच्या इव्हेंट लॉगमध्ये क्लायंटला टीएलएस (एचटीटीपीएसमागचे एनक्रिप्शन) जोडणी करता आली नाही अशी नोंद पडते. पण लॉगिन झाले आणि रिक्वेस्ट मजकुरासकट हिस्टरीत दिसली, तर हे ॲप कोणाचेही सर्टिफिकेट डोळे झाकून स्वीकारते. रेल्वे स्थानकावर बनावट वायफाय उभारणाऱ्यालाही वापरकर्त्याचा पासवर्ड वाचता येईल, इतका हा दोष गंभीर आहे. चाचणी सर्व्हरचे सर्टिफिकेट अधिकृत नसल्यामुळे डेव्हलपरने तपासणी करणारा ट्रस्ट मॅनेजर रिकामा ठेवला आणि तोच कोड प्रकाशित आवृत्तीत गेला, ही त्यामागची नेहमीची कथा. फोनला प्रॉक्सीवर पूर्ण विश्वास ठेवायला आधीच लावून बसलेल्या परीक्षकाला हा दोष दिसतच नाही, कारण त्याच्या फोनवर सावध आणि बेसावध अशी बहुतेक ॲपे सारखीच सुरळीत चालतात.

दुसऱ्या पायरीत बर्पचे सीए सर्टिफिकेट (इतर सर्टिफिकेटांवर सही करणाऱ्याचे मूळ सर्टिफिकेट) वापरकर्त्याच्या भांडारात, म्हणजे फोनमालकाने स्वतः भर घातलेल्या विश्वासू सर्टिफिकेटांच्या यादीत, टाकायचे. बर्पच्या प्रॉक्सी सेटिंगमधून ते डीईआर स्वरूपात एक्स्पोर्ट करावे, एडीबीने फोनच्या डाउनलोड फोल्डरमध्ये ढकलावे आणि सेटिंग्जमधील सुरक्षा विभागातून ‘सीए सर्टिफिकेट’ म्हणून बसवावे. अँड्रॉइड ११ पासून हे सेटिंग्जमध्ये जाऊन हातानेच करावे लागते. एखादे ॲप तुमच्या वतीने ते बसवू शकत नाही. लिसनरचा सर्टिफिकेट पर्याय आता पुन्हा मूळच्या ‘प्रत्येक होस्टसाठी सीएने सही केलेले’ यावर आणावा.

इथे नवशिक्यांना हमखास पडणारा पेच येतो: क्रोममधील एचटीटीपीएस व्यवस्थित दिसते, ॲपचे मात्र दिसत नाही. २०१६ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ७.० पासून, म्हणजे एपीआय पातळी (अँड्रॉइड आवृत्तीचा क्रमांक) २४ किंवा तिच्या पुढची पातळी लक्ष्य धरून बांधलेली ॲपे वापरकर्त्याने टाकलेल्या सीएवर मुळात विश्वास ठेवतच नाहीत. त्यामुळे इथे नकार मिळणे योग्यच आहे. प्रकाशित आवृत्तीने हे सर्टिफिकेट स्वीकारले, तर तिच्या नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिगमध्ये (ॲपने कोणत्या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवायचा ते ठरवणाऱ्या फाइलमध्ये) वापरकर्ता भांडाराला मोकळीक दिलेली असण्याची शक्यता असते आणि तशी नोंद करावी.

डेव्हलपर तुमच्याच चमूतले असतील तर पुढची खटपट वाचवणारा मार्ग म्हणजे त्यांच्याकडून डीबग बिल्ड, म्हणजे चाचणीसाठी बांधलेली आवृत्ती, मागणे. त्याच कॉन्फिग फाइलमधील ‘डीबग ओव्हरराइड्स’ या भागात वापरकर्ता भांडारावर विश्वास ठेवण्याची सूचना लिहिली, की ती फक्त डीबगेबल बिल्डला लागू होते आणि प्रकाशित आवृत्तीला धक्का लागत नाही. दोन ओळींच्या या बदलासाठी डेव्हलपरला विचारायला संकोचून फोन रूट करत बसणारे परीक्षक मी पाहिले आहेत. त्यात वेळ जातो, शिवाय रूट ओळखणारे ॲप असेल तर नवी लढाई सुरू होते.

बाहेरचे परीक्षक म्हणून प्रकाशित आवृत्तीच तपासायची असेल तर सर्टिफिकेट सिस्टिम भांडारात, म्हणजे अँड्रॉइडच्या स्वतःच्या विश्वासू सर्टिफिकेटांच्या यादीत, न्यावे लागते. एम्युलेटर ‘रायटेबल सिस्टिम’ पर्यायासह सुरू करावा, ‘एडीबी रूट’ आणि ‘एडीबी रिमाउंट’ या आज्ञा द्याव्यात. अँड्रॉइड १० आणि पुढच्या इमेजवर त्याआधी व्हेरिफिकेशन बंद करून एम्युलेटर पुन्हा सुरू करावा लागू शकतो. डीईआर फाइल ओपनएसएसएलने पीईएम स्वरूपात बदलावी, त्याच साधनाच्या ‘सब्जेक्ट हॅश ओल्ड’ पर्यायाने तिचा आठ अक्षरी हॅश काढावा, फाइलला तो हॅश आणि पुढे टिंब-शून्य असे नाव द्यावे आणि सिस्टिमच्या ‘सीए सर्ट्स’ फोल्डरमध्ये ६४४ परवानगीने ठेवावी. नावात ‘ओल्ड’ नसलेल्या पर्यायाने वेगळा हॅश मिळतो आणि मग फाइल जागेवर असूनही अँड्रॉइड तिच्याकडे पाहत नाही. अँड्रॉइड १४ मध्ये हे भांडार कॉनस्क्रिप्ट नावाच्या स्वतंत्र एपेक्स मॉड्यूलमध्ये गेले. तिथे जुन्या फोल्डरमध्ये फाइल टाकून उपयोग होत नाही आणि चालू प्रोसेसच्या नेमस्पेसमध्ये जाऊन माउंट करण्याचा उपद्व्याप करावा लागतो. आधी जुनी इमेज सुचवली ती यासाठीच. रूट केलेल्या खऱ्या फोनवर मॅजिस्क या रूट देणाऱ्या साधनाची मॉड्यूल हे काम करून देतात.

सिस्टिम भांडारात सर्टिफिकेट बसल्यावर तिसरी पायरी: लिसनरमध्ये ‘ठरावीक होस्टनावाचे सर्टिफिकेट’ हा पर्याय निवडून मुद्दाम भलतेच नाव द्यावे. सही विश्वासू आहे, नाव मात्र जुळत नाही. ॲपने इथेही नकार दिला पाहिजे. स्वीकारले तर होस्टनावाची तपासणी बंद आहे. ही परीक्षा पाच मिनिटांची आहे, तरी ती सर्रास वगळली जाते.

चौथ्या पायरीला पुन्हा प्रत्येक होस्टचे योग्य सर्टिफिकेट द्यावे. आता ट्रॅफिक दिसू लागले तर पिनिंग नाही, आणि चाचणी पुढे न्यायला वाट मोकळी आहे. पिनिंग नसणे हा प्रत्येक ॲपसाठी दोष मानू नये. बँकिंग किंवा आरोग्याच्या ॲपकडून त्याची अपेक्षा रास्त आहे. बातम्यांच्या ॲपच्या अहवालात ते ‘गंभीर’ म्हणून लिहिणे हास्यास्पद ठरते.

काहीच दिसत नाही तेव्हा

या टप्प्यावर सुचेल ते साधन चालवून पाहण्याचा मोह होतो. त्याआधी इव्हेंट लॉग उघडून एकच प्रश्न विचारावा: जोडणी प्रॉक्सीपर्यंत आली का? लॉगमध्ये त्या डोमेनची टीएलएस चूक दिसत असेल तर जोडणी आली आहे आणि ॲपने सर्टिफिकेट नाकारले आहे. तेव्हा पिनिंगकडे वळावे. लॉगमध्ये डोमेनचे नावच नसेल आणि ॲप तरी मजेत चालत असेल, तर ॲप प्रॉक्सीला वळसा घालून जात आहे. अशा वेळी पिनिंग काढण्याच्या शंभर स्क्रिप्ट चालवून काही साधत नाही.

वळसा घालणाऱ्यांत फ्लटर या ॲप बांधण्याच्या साधनसंचात बांधलेली ॲपे आघाडीवर आहेत. फ्लटरच्या डार्ट या भाषेचा स्वतःचा नेटवर्क कोड अँड्रॉइडच्या प्रॉक्सी सेटिंगकडे लक्ष देत नाही. त्यावर उपाय म्हणजे ॲपला न विचारता ट्रॅफिक वळवणे: रूट असलेल्या उपकरणावर आयपी-टेबल्सचा नियम लिहून ४४३ पोर्टचे ट्रॅफिक प्रॉक्सीकडे पाठवता येते आणि बर्पच्या लिसनरमध्ये ‘इनव्हिजिबल प्रॉक्सी’ हा पर्याय चालू करावा लागतो. मिटमप्रॉक्सीचा वायरगार्ड मोड त्याहून सुटसुटीत आहे. फोनमध्ये वायरगार्डचे ॲप टाकून क्यूआर कोड स्कॅन केला की सगळे ट्रॅफिक व्हीपीएनमधून प्रॉक्सीकडे येते आणि रूटही लागत नाही. अर्थात सर्टिफिकेटचा प्रश्न त्याने सुटत नाही, फक्त पोहोचण्याचा सुटतो.

दुसरा वळसा एचटीटीपी ३ चा. ते यूडीपीवर चालते आणि साधी प्रॉक्सी यूडीपी हाताळत नाही. राउटरवर किंवा फोनवर यूडीपी ४४३ अडवले की बहुतेक ॲपे निमूटपणे टीसीपीवर परत येतात.

पिनिंग

पिनिंग म्हणजे सर्व्हरच्या सर्टिफिकेटचा किंवा त्यातील सार्वजनिक किल्लीचा ठसा ॲपमध्येच कोरून ठेवणे. ओके-एचटीटीपी या नेटवर्क लायब्ररीच्या सर्टिफिकेट पिनरने किंवा नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिगमधील पिन-सेटने ते करतात. पिनिंग निष्प्रभ करण्याचे प्रचलित साधन फ्रिडा हे आहे. रूट असलेल्या उपकरणावर फ्रिडा-सर्व्हर चालवून लॅपटॉपवरून ॲपच्या चालू प्रोसेसमध्ये स्क्रिप्ट घुसवतात आणि पिन तपासणाऱ्या फंक्शनला नेहमी ‘ठीक आहे’ असे उत्तर द्यायला लावतात. फ्रिडा-सर्व्हर आणि लॅपटॉपवरील फ्रिडा यांची आवृत्ती एकच ठेवावी. ती जुळली नाही की येणाऱ्या चुका फार दिशाभूल करतात. फ्रिडावरच बांधलेल्या ऑब्जेक्शन या साधनात ‘अँड्रॉइड एसएसएलपिनिंग डिसेबल’ ही एकच आज्ञा ओळखीच्या बऱ्याच लायब्ररींना पुरते.

रूट नसेल तर एपीकेमध्ये (ॲपच्या इन्स्टॉल फाइलमध्ये) फ्रिडा गॅजेट भरून ती नव्याने साइन करता येते. पण साइन बदलल्यामुळे स्वतःची अखंडता तपासणारे ॲप उघडायलाच नकार देते. अशा वेळी परवानगी देणाऱ्या संस्थेकडे पिनिंग नसलेली चाचणी आवृत्ती मागावी, आणि पिनिंगची ताकद प्रकाशित आवृत्तीवर वेगळी तपासावी. आठवडाभराच्या कामातले चार दिवस पिनिंग तोडण्यात घालवणारा परीक्षक एपीआयमधले दोष शोधायला उरत नाही.

आयफोनचे थोडक्यात

आयफोनवर वापरकर्ता आणि सिस्टिम असा भेद नसल्यामुळे पिनिंग नसलेल्या ॲपचे काम सोपे जाते. वायफायच्या तपशिलात प्रॉक्सी ‘मॅन्युअल’ करून भरावी, ब्राउझरमधून सर्टिफिकेटचे प्रोफाइल उतरवून बसवावे आणि त्यानंतर जनरल, अबाउट, सर्टिफिकेट ट्रस्ट सेटिंग्ज या वाटेने जाऊन त्यावर पूर्ण विश्वासाचे बटण चालू करावे. आयओएस १०.३ पासून हे शेवटचे बटण स्वतंत्र आहे आणि तेच विसरले जाते.

ट्रॅफिक दिसू लागल्यावर

आधी हद्दीतील डोमेन टार्गेट स्कोपमध्ये घालावीत आणि हिस्टरीत फक्त तेवढेच दाखवायला सांगावे. गूगलच्या पार्श्वभूमीवरील सेवा टीएलएस पास-थ्रूच्या (न उघडता तसेच पुढे जाऊ द्यायच्या) यादीत टाकल्या की लॉगमधला गोंगाट कमी होतो. मग ॲप एखाद्या सामान्य ग्राहकासारखे सावकाश, प्रत्येक पडदा उघडत वापरावे. रिक्वेस्टना हात लावायची घाई करू नये.

समजा, महिन्याच्या डब्याची नोंदणी करणारे ॲप आहे. चाचणीसाठी अ आणि ब अशी दोन खाती घ्यावीत. अ खात्यातून आपल्या ऑर्डरचा तपशील उघडल्यावर हिस्टरीत ऑर्डर क्रमांक ४८२१३ मागणारी गेट रिक्वेस्ट दिसते आणि तिच्या ऑथरायझेशन हेडरमध्ये अ चे टोकन, म्हणजे लॉगिननंतर मिळालेली ओळखखूण, असते. ही रिक्वेस्ट बर्पच्या रिपीटरमध्ये (रिक्वेस्ट बदलून पुन्हा पाठवायच्या साधनात) न्यावी, बाकी काही न बदलता फक्त टोकनच्या जागी ब चे टोकन घालावे आणि पाठवावी. ४०३ किंवा ४०४ (नकार किंवा ‘सापडले नाही’) आले तर सर्व्हर मालकी तपासतो. २०० (यशस्वी) आले आणि अ चे नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक परत आला, तर कोणीही ग्राहक क्रमांक बदलत बदलत सगळ्यांचे पत्ते गोळा करू शकतो. दोष सिद्ध करायला आपली दोन खाती पुरतात. खऱ्या ग्राहकाचा क्रमांक घालून पाहण्याची गरज नसते आणि तसे करूही नये. पाहण्याच्या रिक्वेस्टवर तपासणी असली तरी रद्द करण्याच्या किंवा पत्ता बदलण्याच्या रिक्वेस्टवर ती असेलच असे नाही, म्हणून प्रत्येक कृती वेगळी तपासावी.

रक्कम ॲपकडून सर्व्हरला जात असेल तर सँडबॉक्समध्ये ती बदलून पाहावी. सर्व्हरने स्वतः किंमत काढायला हवी. लॉगआउट केल्यावर जुन्या टोकनची रिक्वेस्ट पुन्हा पाठवून ते खरोखर मेले का ते पाहावे. अनेक ॲपे टोकन फक्त फोनमधून पुसतात, सर्व्हरवर ते जिवंतच राहते. ओटीपी मागणाऱ्या रिक्वेस्टचे उत्तर नीट वाचावे, कारण क्वचित ओटीपी त्या उत्तरातच परत आलेला असतो. चुकीच्या ओटीपीला आलेल्या उत्तरातले ‘फॉल्स’ बदलून ‘ट्रू’ केल्यावर ॲप पुढचा पडदा उघडत असेल, तर त्यापुढच्या रिक्वेस्टना सर्व्हर खरा डेटा देतो का ते पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. नुसता पडदा उघडणे हा फार तर किरकोळ दोष असतो.

पडद्यावर न दिसणारी माहितीही उत्तरांत शोधावी. पडद्यावर डबा पोहोचवणाऱ्याचे फक्त नाव दिसते, उत्तरात मात्र त्याचा घरचा पत्ता आणि ओळखपत्राचा क्रमांक येतो, असे घडू शकते. तसेच ॲनालिटिक्सच्या तिसऱ्या डोमेनकडे मोबाइल क्रमांक किंवा आरोग्याची माहिती जाते का हेही पाहावे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आल्यापासून ही नोंद कंपन्यांना तातडीची वाटते. हे केवळ पाहायचे. त्या तिसऱ्या सर्व्हरला स्वतः रिक्वेस्ट पाठवायच्या नाहीत.

काही आर्थिक ॲपांत टीएलएस उघडल्यावरही आत एनक्रिप्ट केलेला मजकूरच सापडतो. तो ॲपमध्येच तयार होतो, त्यामुळे एनक्रिप्ट करणाऱ्या फंक्शनवर फ्रिडाने हुक लावून आधीचा साधा मजकूर वाचता येतो. या जादा थरामुळे सर्व्हरवरील मालकी तपासणी अनावश्यक होत नाही, आणि अशा ॲपांत ती नेमकी विसरलेली असू शकते.

काम संपल्यावर

अहवालातील चित्रांत टोकन, नावे आणि क्रमांक झाकावेत, आणि दोष पुन्हा घडवण्यासाठी लागणारी रिक्वेस्ट मजकूर म्हणून जोडावी. सोबत ॲपची आवृत्ती, उपकरणाची अँड्रॉइड आवृत्ती आणि चार पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवर ॲपने काय केले हे लिहावे. डेव्हलपरला दोष कोडमध्ये कुठे असेल याचा अंदाज त्यावरूनच येतो. त्यानंतर फोनमधील प्रॉक्सीचे मूल्य ‘:०’ करावे, नाहीतर केबल काढल्यावर फोनचे इंटरनेट बंद पडते आणि कारण लवकर लक्षात येत नाही. सीए सर्टिफिकेट दोन्ही भांडारांतून काढावे, फ्रिडा-सर्व्हर पुसावा, चाचणीची खाती बंद करायला सांगावीत आणि साठवलेले ट्रॅफिक करारातील मुदतीनुसार नष्ट करावे. रोजच्या वापराच्या फोनवर ही चाचणी करूच नये. अपरिहार्य असल्यास सर्टिफिकेट काढल्याखेरीज त्यावर बँकेचे ॲप उघडू नये.